गोळी नेमकी कधी घ्यावी

१२ ऑक्टोबर, सकाळ

आजपासून रोजनिशी. आयुष्यभर लिफ्टचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत रोजचा रिपोर्ट लिहिला, त्यामुळे हात बसलेला आहे. वाचायला साहेब नाही एवढाच फरक.

विषय: ब्लडप्रेशर. आज वरचा आकडा एकशे अठ्ठावन्न. मार्चमध्ये रिटायर झालो तेव्हा सेक्शनमधल्या पोरांनी प्रेशरचं मशीन भेट दिलं होतं. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, पोरं दूरदृष्टीची निघाली. शेवटी मीच तयार केलेली.

आजवर हा विषय माझ्या बायकोकडे, साचिएकडे होता. रोज सकाळी मिसो सूपच्या वाटीशेजारी छोट्या बशीत एक पांढरी गोळी असायची. सूपच्या घोटाबरोबर ती गिळायची आणि स्टेशनकडे पळायचं, एवढंच माझं काम. गोळीचं नाव काय, कोण आणतं, संपली की काय होतं, याची चौकशी मी कधी केली नाही. ज्याचं खातं त्याने सांभाळावं, त्यात नाक खुपसू नये, हे माझं तत्त्व.

सप्टेंबरमध्ये साचिए कानाझावाला गेली, चिहारूच्या बाळंतपणाला. मुलीला आईची गरज असते, मी ताबडतोब परवानगी दिली. (तिने मागितली नव्हती, पण दिली.) महिन्याभरात येते म्हणाली. गोळ्या कुठे ठेवल्यात ते शोधण्यातच माझा पहिला आठवडा गेला. चहाच्या डब्यामागे होत्या. तिथे कोण ठेवतं?

काल सलूनमध्ये एका मासिकात वाचलं आणि डोळे उघडले. प्रेशरची गोळी रात्री झोपताना घ्यावी! पहाटे प्रेशर चढतं, त्याआधी गोळी कामाला लागलेली पाहिजे. म्हणजे गेली बारा वर्षं मला चुकीच्या वेळी गोळी दिली जात होती. साचिएला मी दोष देत नाही. तिला कोणी ट्रेनिंग दिलं नव्हतं.

संकल्प: आजपासून गोळी रात्री. रोज दोन वेळा प्रेशर मोजायचं. साचिए परत आली की तिच्यापुढे आकडेवारीसकट रिपोर्ट ठेवायचा. ती चाट पडेल.

१२ ऑक्टोबर, रात्र

साके जरा जास्त झाली. गोळी

१३ ऑक्टोबर

काल रात्रीची गोळी राहिली. भरपाई म्हणून आज सकाळी घेतली. म्हणजे रात्रीची योजना एक दिवस पुढे. नव्या यंत्रणेत सुरुवातीला असं होतंच.

१९ ऑक्टोबर

डॉक्टर मोमोसेकडे गेलो. म्हातारे मोमोसे माझी नाडी हातात धरून अर्धा तास बर्फावर, मासेमारीवर बोलायचे. आता त्यांचा मुलगा बसतो आणि कॉम्प्युटरशी बोलतो. मी मुद्द्याचं विचारलं, गोळी सकाळी चांगली की रात्री? तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, कुराशिना-सान, ज्या वेळी आठवण राहते ती वेळ चांगली. फरक पडतो असं ठामपणे काही सिद्ध झालेलं नाही. रोज घ्या म्हणजे झालं.

हे काय उत्तर झालं? लिफ्ट वर न्यायची की खाली असं विचारल्यावर, चालू ठेवा म्हणजे झालं, असं आम्ही म्हणालो असतो का?

मग विचारतो, घरी स्वयंपाक कोण करतं? मी म्हणालो, मिसेस सध्या बदलीवर आहेत. त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

पण शब्द अगदी योग्य होता. घरी येताना विचार केला तेव्हा सगळं लख्ख दिसलं. मी नाही का फुकुओकाला सहा वर्षं एकटा होतो? कंपनीने पाठवलं, बायकोमुलीला इथे ठेवून गेलो. आमच्या पिढीत निम्मे लोक असेच राहिले. त्या सहा वर्षांत चिहारूची शाळा, माझ्या आईचं आजारपण, गळकं छप्पर, सगळं साचिएने बघितलं आणि कधी कुरकुर केली नाही. आता तिची बदली आहे. मीही कुरकुर करणार नाही. बदलीवरचा माणूस परत येतोच. मी आलो होतो.

मिसो सूप केलं. पाण्यासारखं झालं, म्हणून मिसो, म्हणजे सोयाबीनची ती खारट पेस्ट, वाढवली.

२६ ऑक्टोबर

गावच्या गरम झऱ्याच्या हमामात उसुदा भेटला. शेजारी आहे, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. गळ्यापर्यंत पाण्यात बसून त्याला विचारलं, तू गोळी कधी घेतोस? म्हणतो, दुपारी. दुपारी टीव्हीवर ती गाण्याची स्पर्धा लागते ना, घंटा वाजली की घेतो. याला शास्त्र म्हणतात!

मी त्याला पहाटेच्या प्रेशरबद्दल समजावून सांगितलं. त्याने डोक्यावरचा टॉवेल नीट केला आणि म्हणाला, अरे कुराशिना, तुझी बायको महिन्यासाठी गेली होती ना? मी म्हणालो, मुदत वाढली. तो म्हणाला, कोणी वाढवली?

उसुदाला बायको नाही. त्याला या गोष्टी काय कळणार.

२ नोव्हेंबर

साचिएचा फोन. दर रविवारी येतो, मागच्या रविवारी आला नव्हता. मी विचारलं नाही. बदलीवर असताना मीही दर रविवारी कुठे करायचो?

बातमी: चिहारूच्या घराखाली तयार भाज्या आणि तळणाचं दुकान आहे, तिथे सकाळच्या पाळीला लागली आहे. बटाट्याचे कोरोक्के तळते. आवाज मोठा झालाय तिचा, दुकानात ओरडून बोलावं लागतं म्हणे. हसतही होती. माझ्या मते हा सगळा अनुभव घरी उपयोगी पडेल. आमच्याकडे कोरोक्के नेहमी जरा तेलकट व्हायचे.

मी तिला रात्रीच्या गोळीचा शोध सांगितला. सविस्तर. ती बराच वेळ गप्प होती. भारावली असावी. मग म्हणाली, अहो, घेताय ना? तेवढं करा. आणि कचरा मंगळवारी न् शुक्रवारी जातो, लक्षात आहे ना?

लक्षात नव्हतं. गॅरेजमधला वास कशाचा ते कळलं.

९ नोव्हेंबर

पहिला आढावा. ग्राफ काढला, दोन रंगांत. सकाळच्या गोळीचे आकडे निळ्यात, रात्रीच्या गोळीचे लाल. रात्रीचे आकडे स्पष्ट चांगले आहेत. लाल ठिपके दोनच आहेत हे खरं, पण कल उत्साहवर्धक आहे. बाकी रात्री झोप लागून गेली, किंवा साके, किंवा गोळी हातात घेऊन पाणी आणायला उठलो आणि टीव्ही बघत बसलो.

दोष गोळीच्या वेळेचा नाही. आठवण करून देणारी यंत्रणा नाही. पूर्वी ती होती.

१६ नोव्हेंबर

चिहारूचा फोन. बाबा, आईने खोली घेतलीय. दुकानाच्या मागच्या गल्लीत, छोटीशीच.

बरं झालं. लेकीच्या घरात, जावयाच्या समोर किती दिवस राहणार? बदलीच्या गावी खोली ही लागतेच. मलाही फुकुओकात होती, चार चटया मावतील एवढी, खाली ड्रायक्लीनिंगचं दुकान. वाफेने भिंती ओल्या असायच्या. मी चिहारूला ते सांगितलं. ती म्हणाली, बाबा, मी काय सांगतेय ते तुम्हाला कळतंय ना? मी म्हणालो, कळतंय ना, हीटर आहे का खोलीत? तिने मोठा श्वास सोडला. बाळ रडतंय म्हणाली आणि फोन ठेवला. बाळाचा आवाज काही मला आला नाही.

प्रेशर एकशे त्रेसष्ट. थंडी वाढली की वाढतंच. सगळ्यांचं वाढतं.

२० नोव्हेंबर

सकाळी गोळी घेतली का आठवत नव्हतं, म्हणून घेतली नाही. रात्री आठवलं की घेतली नव्हती. पण तोपर्यंत उद्याची वेळ जवळ आली होती.

२४ नोव्हेंबर

आनंदाची गोष्ट. लोणच्याचे दिवस आले. सगळ्या गल्लीच्या अंगणात नोझावाना या पालेभाजीच्या जुड्यांचे हिरवे ढीग पडले आहेत. साचिए ही भाजी घालायला येणारच. लग्न झाल्यापासून एकही वर्ष चुकवलेलं नाही. चिहारूचा जन्म याच दिवसांत झाला, तरी पोटुशी असताना झऱ्याच्या पाण्यात जुड्या धुवत होती. माझी आई तिला ओरडली होती की भाजी अजून नीट धू.

मी बाजारातून तीस किलो भाजी आणली. ती दरवर्षी एवढीच आणते. पिंप धुतलं. वजनाचा दगड अंगणातून ओढून आणला, कंबर धरली. फोन लावला, भाजी तयार आहे. उचलला नाही. पाळी असेल.

२६ नोव्हेंबर

भाजी पिवळी पडायला लागली आहे. साचिएचा निरोप आला, चिहारूकडून: या वर्षी नको. बाबांना प्रेशर आहे, लोणचं खाऊ नये.

यात काळजी दिसते. पण तीस किलो भाजीचं काय करायचं?

संकल्प: मी स्वतः घालणार. लिफ्ट चालते तर लोणचं काय चीज आहे.

२७ नोव्हेंबर

झऱ्यावर धुवायला गेलो. ओळीने सगळ्या बायका. मला बघून गप्प झाल्या, मग खूपच गोड बोलायला लागल्या. भाजीवाल्याची आई म्हणाली, अगंबाई, साचिए-सान नाहीत का अजून? दुसरीने तिला कोपराने ढोसलं. हे मी पाहिलं. गावाला काही काम नसतं.

मीठ किती घालायचं हे कुठेही लिहिलेलं नाही. सगळं साचिएच्या हातात आहे. उसुदाला विचारलं. म्हणाला, माझी बायको थराला तीन मुठी घालायची. मी तीन मुठी घातल्या. नंतर आठवलं, उसुदाची बायको माझ्या खांद्याएवढी होती आणि तिचे हात बाहुलीसारखे होते.

हात अजून झोंबतायत. पण पिंप भरलं, दगड ठेवला, मागे सरून बघितलं तेव्हा छाती फुगली. ती आली की म्हणेल, अहो, हे तुम्ही केलंत?

३० नोव्हेंबर

सकाळी रेडिओवरच्या व्यायामाला मंदिराच्या अंगणात गेलो. हात वर, मग गोल फिरवत. लोक मागे सरले आणि माझ्या भोवती जागा करून दिली. अनुभवी माणसाला मान मिळतोच.

(उसुदा नंतर म्हणाला, कुराशिना, अंगाला वास येतोय रे, तो स्वेटर धू.)

४ डिसेंबर

लोणचं चाखलं. खारट आहे. भात जास्त घेतला की लागत नाही. दोन वाट्या भात, मग तहान लागली म्हणून साके. प्रेशर एकशे एकाहत्तर. मशीनची बॅटरी बदलली. एकशे त्र्याहत्तर. पहिली बॅटरी बरी होती.

रात्री अंथरुणात विचार केला. सकाळी घेतली तर रात्री प्रेशर उतरत नाही, रात्री घेतली तर विसरतो. दोन्हींतलं चांगलं घ्यावं. उद्यापासून गोळी अर्धी सकाळी, अर्धी रात्री! हे त्या मासिकवाल्यांनाही सुचलं नाही. साचिएच्या रिपोर्टमध्ये या कल्पनेला वेगळं पान.

५ डिसेंबर

सुरीने गोळी कापली. एक तुकडा हातात राहिला, दुसरा उडून फ्रिजखाली. पट्टीने काढायला गेलो, तर तिथून साचिएची केसांची क्लिप, एक चिकट वाटाणा आणि चिहारूचा दुधाचा दात निघाला. दात कसा काय? चिहारू आता छत्तीसची आहे. म्हणजे हा फ्रिज कधीच हलवलेला नाही, किंवा दर वेळी फ्रिज बदलला तेव्हा दात तिथेच ठेवला गेला. दात हातात घेऊन बराच वेळ जमिनीवर बसलो. तिचे दात पडायचे तेव्हा मी फुकुओकाला होतो. पुढचे दोन दात नसलेली चिहारू मी फक्त फोटोत पाहिली आहे.

गोळी मिळाली नाही. दुसरी कापली. ती पण उडाली. वैतागून एक अख्खी घेतली.

संध्याकाळी वाटलं, सकाळी घेतली ती अर्धीच. उरलेली अर्धी घेऊ. कापण्याच्या भानगडीत न पडता.

७ डिसेंबर

डॉक्टर मोमोसेच्या दवाखान्यात, कॉटवर लिहितोय. सविस्तर नंतर.

८ डिसेंबर

झालं ते असं. काल सकाळी व्यायामाला गेलो. आदल्या रात्री गोळी घेतली होती का याबद्दल मनात शंका होती, म्हणून सकाळी एक घेतली होती. त्याआधी अंधारात उठल्यावरही एक घेतली होती, हे नंतर आठवलं. कमरेत वाकायचा व्यायाम झाला, सरळ उभा राहिलो आणि मंदिराचं छप्पर हळूहळू डावीकडे जायला लागलं. मग उसुदाचं तोंड खूप जवळ आलं. म्हणे, अरे पडलास तू.

डॉक्टर मोमोसे पहिल्यांदाच कॉम्प्युटर सोडून बोलला. आवाज अगदी बापासारखा. कुराशिना-सान, सकाळ नाही, रात्र नाही, अर्धी नाही, डबल नाही. एक गोळी, रोज एकदा. वेळ तुमची तुम्ही ठरवा आणि एकदा ठरवली की हात लावू नका. हे लहान मुलालाही कळतं हो.

मी म्हणालो, मग सर्वांत चांगली वेळ कुठली ते तरी सांगा. त्याने कपाळाला हात लावला.

मग विचारलं, मिसेस कधी येणार आहेत बदलीवरून? मी म्हणालो, लवकरच. नर्सने माझे मोजे काढून उशाशी ठेवले होते. एक निळा, एक काळा. आजवर असं कधी झालं नव्हतं.

१० डिसेंबर

उसुदाने चिहारूला फोन केला. चोंबडा मेला.

पण त्यातून चांगलंच निघालं. साचिएचा फोन! रविवार नसताना! अहो, पडलात म्हणे तुम्ही? कुठे लागलं? हाड बघून घेतलंत का? मी म्हणालो, काही नाही, थोडी चक्कर. ती म्हणाली, मी येते. वर्ष संपायच्या आत एकदा येऊन जाते. बोलायचंही आहे.

मी तर म्हणतो, पडलो ते उत्तम झालं.

१४ डिसेंबर

प्रेशर एकशे अठ्ठेचाळीस! काहीही न करता! म्हणजे गोळी रोज संध्याकाळी जेवल्यावर घेतो, लोणच्याच्या पिंपावर दुसरा दगड ठेवला आहे म्हणजे उघडताच येणार नाही. पण मुख्य कारण मन शांत आहे हे.

बोलायचंही आहे, म्हणाली. बदली संपल्याची तारीख असणार.

२१ डिसेंबर

वर्षअखेरची साफसफाई. सगळी. सरकत्या कागदी दारांना नवा कागद चिकटवला. साचिए दरवर्षी करायची तेव्हा मला वाटायचं गंमत असते. गोंद हाताला, कागद कोपराला, आणि दारात माझ्या डोक्याएवढं भोक. त्यावर चेरीच्या फुलाच्या आकाराचा कागदाचा तुकडा लावला. ती असंच करायची. चिहारू लहान असताना बोटं घालायची तेव्हा.

तिचं अंथरूण उन्हात टाकलं. मऊ झालं. तोंड खुपसून बघितलं. नुसता उन्हाचा वास येतो.

रात्री फार एकटं वाटलं. हे रिपोर्टमध्ये घालणार नाही.

२७ डिसेंबर

खारवलेला सामन मासा आणला, अख्खा. आमच्या भागात त्याशिवाय वर्ष संपत नाही. मीठ आहे, पण कापून पाण्यात ठेवीन. डोकं उसुदाला दिलं. तो बराच वेळ दारात घुटमळला. म्हणाला, कुराशिना, माझी बायको गेली तेव्हा ती मेली होती, त्यामुळे मला कळलं तरी. तुला कोणीतरी सांगायला हवं रे.

काय सांगायला हवं, असं मी विचारलं. तो म्हणाला, काही नाही, सामन छान आहे.

म्हातारा झाला आहे.

२९ डिसेंबर

रिपोर्ट पूर्ण. ग्राफ रंगीत. शीर्षक: गोळी घेण्याच्या उत्तम वेळेबाबत, सकाळ विरुद्ध रात्र, तुलनात्मक अभ्यास. निष्कर्ष: सकाळची पद्धत कालबाह्य; ती सुरू करणाऱ्यांच्या हेतूबद्दल मात्र आदर व्यक्त करण्यात येतो. हे वाक्य मी तीनदा लिहिलं. चांगलं उतरलंय.

उद्या ती दुपारच्या गाडीने येते. केस कापून आलो. मोजे जोडीचे काढून ठेवले.

३० डिसेंबर, संध्याकाळ

बेल वाजली तेव्हा वाटलं पोस्टमन. तिच्याकडे किल्ली आहे. तिने बेल वाजवली, दार अर्धवट सरकवलं आणि म्हणाली, येऊ का आत?

आजवर ती बाजारातून आली की दारातूनच म्हणायची, आले हो. मी कधी ऐकून उत्तर दिलं असेल असं नाही. पण आज ते शब्द आले नाहीत, आणि मी तिथे या या, आत या, असं काहीतरी म्हणालो. बायकोला.

केस आखूड केलेत. चेहरा भरलाय. हातात कानाझावाच्या मिठाईचा खोका, दुकानातल्या कागदात गुंडाळलेला. दोन्ही हातांनी पुढे केला. किरकोळ आहे, म्हणाली. मी वाकून घेतला. मग दोघंही खाली हीटर असलेल्या टेबलाशी बसलो आणि मी उठून चहा केला. पाहुण्यांचे कप काढले. कशाला काढले कोण जाणे. घरचे कप समोरच होते.

मी रिपोर्ट पुढे ठेवला. तिने सगळा वाचला, पानंच्या पानं. ग्राफवर बोट फिरवलं. कानाझावाच्या गिऱ्हाइकांकडे बघून हसत असेल तशी हसली, नीट, मनापासून. म्हणाली, केवढी मेहनत घेतलीत.

मग तिने सांगितलं. काहीही आडपडदा न ठेवता. अहो, मी परत येणार नाही. भांडण नाही, राग नाही, कोर्टकचेरी नको. तुम्ही इथे राहा, मी तिथे राहते. दुकानात मला आवडतं. सकाळी उठून कुठेतरी जायचं असतं. चिहारूला वाटलं मी फोनवर सांगावं, पण तुम्हाला फोनवर काही सांगितलं की तुम्ही त्याचं काहीतरी वेगळंच करता.

मी म्हणालो, म्हणजे बदली कायमची झाली. ती म्हणाली, हो. तसंच समजा.

मशीन टेबलावरच होतं. हाताला पट्टा बांधावासा वाटला, पण तिच्यासमोर नको म्हटलं. सामन पाण्यातून काढायचा राहिला होता आणि मी तेवढाच विचार करत होतो की त्याची चव गेली असेल.

मग काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं. खरंच फक्त त्यासाठी. म्हणालो, पण साचिए, तू बारा वर्षं गोळी सकाळीच का देत होतीस? काही वाचलं होतंस का? म्हाताऱ्या मोमोसेंनी सांगितलं होतं?

तिने जरा आठवून बघितलं. म्हणाली, नाही हो. ते म्हणाले होते कधीही द्या. तुम्ही घरात असायचात ती तेवढीच वेळ. रात्री तुम्ही यायचात तेव्हा मी झोपलेली असायचे.

मी विचारलं, आणि रविवारी? म्हणाली, रविवारी तुम्ही झोपलेले असायचात. बशीवर वाटी पालथी घालून ठेवायचे.

बाहेर बर्फ भुरभुरायला लागलं होतं. तिला संध्याकाळची गाडी होती. दाराशी गेलो. मी म्हणालो, पण आता तर मी दिवसभर घरीच असतो.

ती म्हणाली, हो ना. मार्चपासून सप्टेंबरपर्यंत बघितलं की मी.

आणि खाली बसून बूट घालायला लागली. येताना तिने ते पाहुणे ठेवतात तसे दाराकडे तोंड करून ठेवले होते, त्यामुळे वेळ लागला नाही.